तुरुंगातून आलेले प्रश्न : महायुद्धकाळातील ब्रिटिश संसदेचा नित्यक्रम

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लंडनच्या ब्रिक्स्टन तुरुंगात एक स्थानबद्ध असा होता, की तो आपल्याला कोंडणाऱ्या सरकारलाच लेखी प्रश्न विचारी आणि सरकारला त्यांची उत्तरे द्यावी लागत. ती उत्तरे संसदेच्या अधिकृत वृत्तांतात छापली जात.

त्याचे नाव कॅप्टन आर्चिबाल्ड मॉल रॅम्झी. हा सत्ताधारी हुजूर पक्षाचा, स्कॉटलंडमधून निवडून आलेला खासदार. ज्यूद्वेषाने तो झपाटलेला होता. फ्रान्स कोसळत असताना, २३ मे १९४० रोजी, त्याला संरक्षण नियम १८ ब खाली अटक झाली. त्याच्यावर ना आरोपपत्र ठेवले गेले, ना खटला चालला. या स्थानबद्धतेमुळे सभागृहाच्या विशेषाधिकारांचा भंग झालेला नाही, असा निर्वाळा विशेषाधिकार समितीने दिला. मात्र त्याची जागा रिकामी झाली असे कोणी म्हटले नाही. कोठडीतला रॅम्झी खासदारच राहिला आणि प्रश्न पाठवीत राहिला. सप्टेंबर १९४४ मध्ये सुटल्यावर तो लगेच सभागृहात येऊन बसला. संसदेची मुदत संपण्यापूर्वी त्याने ज्यूंविरुद्धचा तेराव्या शतकातला एक कायदा पुन्हा आणावा अशा प्रस्तावाची सूचनाही दिली. माणूस तिरस्करणीय होता, यात शंका नाही. प्रस्तुत लेखकाला कुतूहल आहे ते त्याच्या प्रश्नांची उत्तरे लिहीत बसलेल्या सरकारी खात्याविषयी.

आजचा धागा त्या उत्तरांना भाग पाडणाऱ्या नित्यक्रमाविषयी आहे. महायुद्धाचा इतिहास म्हटला की चर्चिलची भाषणे, डंकर्क आणि नॉर्मंडी आठवतात. त्याच दिवसांचा संसदीय वृत्तांत उघडला तर तेथे शिधा, कोळसा, सैनिकांच्या पत्नींचा भत्ता आणि जखमींचे निवृत्तिवेतन भेटते. हे वाचताना प्रथम कंटाळा येतो. पुढे लक्षात येते, की युद्ध चालवणाऱ्यांना जाब विचारण्याची खरी साधने या कंटाळवाण्या कामकाजातच दडलेली होती.

या संसदेने सरकारच्या हाती काय दिले होते, हे आधी पाहू. २२ मे १९४० रोजी तीन तासांच्या आत, सर्व वाचने उरकून, एक कायदा संमत झाला. देशातील माणसे, त्यांचे श्रम आणि त्यांची मालमत्ता सरकारच्या आज्ञेखाली आणणारा हा कायदा होता. एवढी सत्ता ब्रिटिश सरकारला क्वचितच कधी लाभली असेल. परंतु तिच्या जोरावर काढलेले नियम संसदेपुढे ठेवावे लागत आणि ते रद्द करण्याची मागणी कोणताही सदस्य करू शकत असे. या मागणीला तेथील परिभाषेत राजाकडे केलेली ‘प्रार्थना’ म्हणतात. दिवसाचे मुख्य कामकाज आटोपल्यावर, बाके ओस पडू लागली असताना तिची पाळी येते.

३१ ऑक्टोबर १९३९ रोजी उदारमतवादी पक्षाच्या डिंगल फूट यांनी अशीच एक प्रार्थना मांडली. नियम १८ ब चा पहिला मसुदा असा होता, की गृहमंत्र्यांची ‘खात्री झाली’ तर ते कोणालाही स्थानबद्ध करू शकतील. गृहमंत्री होते सर जॉन अँडरसन. दोनच वर्षांपूर्वीपर्यंत ते बंगालचे गव्हर्नर होते आणि विनाखटला स्थानबद्धतेचे शास्त्र तेथे पुरते शिकून आले होते. बंगालमध्ये जे खपले ते वेस्टमिन्स्टरमध्ये खपले नाही. सत्ताधारी बाकांवरही कुरबुर सुरू झाली आणि सरकारने माघार घेतली. नव्या मसुद्यात ‘खात्री झाल्यास’च्या जागी ‘असे मानण्यास वाजवी कारण असल्यास’ हे शब्द आले. किती जणांना डांबले आणि सल्लागार समितीचा सल्ला किती प्रकरणी डावलला, हे गृहमंत्र्यांनी दरमहा संसदेला कळवावे, असेही बंधन होते.

या शब्दबदलाचे पुढे काय झाले, ही कथा फारशी उजळ नाही. १९४१ मध्ये लिव्हरसिज नावाच्या स्थानबद्धाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायपीठाने चार विरुद्ध एक अशा मतांनी ठरवले, की वाजवी कारण आहे असे मंत्र्याला प्रामाणिकपणे वाटले तरी पुरे. एकटे लॉर्ड ॲटकिन विरोधात उभे राहिले. संसदेने झगडून मिळवलेले शब्द न्यायालयाने निष्प्रभ केले. मासिक अहवाल आणि प्रश्नोत्तरांचा तास मात्र उरला. १९४० च्या उन्हाळ्यात हजाराहून अधिक असलेली स्थानबद्धांची संख्या पुढे उतरत गेली. त्यात लष्करी परिस्थितीचा वाटा मोठा होता हे खरे, पण दर महिन्याला आकडा वाचून दाखवावा लागणाऱ्या मंत्र्याला तो आकडा विसरताही येत नाही.

नित्यक्रमाचा सर्वांत मोठा आघात बसला तो मे १९४० मध्ये. नॉर्वेतील मोहीम फसली होती. ७ आणि ८ मे रोजी त्यावर चर्चा झाली. चर्चेला आधार होता तो सर्वांत साध्या प्रस्तावाचा : ‘सभागृहाचे कामकाज आता तहकूब व्हावे.’ असा प्रस्ताव एरवी औपचारिकतेपुरता येतो आणि जातो. या वेळी मजूर पक्षाने दुसऱ्या दिवशी त्यावर मतविभागणी मागितली. हुजूर पक्षाचेच लिओ अमेरी यांनी पहिल्या दिवशी क्रॉमवेलचे तीनशे वर्षांपूर्वीचे कठोर शब्द आपल्या पंतप्रधानांना ऐकवले होते : पुष्कळ बसलात, आता चालते व्हा, अशा अर्थाचे. सरकार २८१ विरुद्ध २०० मतांनी जिंकले. दोनशेहून अधिक मताधिक्याची सवय असलेल्या चेंबरलेन यांना ८१ चे मताधिक्य म्हणजे पराभवच होता. १० मे रोजी त्यांनी राजीनामा दिला आणि चर्चिल आले. एक सरकार पडले, पण अविश्वासाचा ठराव कागदावर कोठेच नव्हता.

पुढची पाच वर्षे हे सभागृह कसे बसले, तेही पाहण्यासारखे आहे. शांततेच्या काळात कामकाज दुपारी पावणेतीनला सुरू होऊन रात्रीपर्यंत चाले. बॉम्बवर्षाव सुरू झाल्यावर ते सकाळी अकराला सुरू होऊ लागले, म्हणजे काळोखाच्या आत सदस्य घरी पोहोचत. नोव्हेंबर १९४० पासून अधूनमधून बैठका जवळच्या चर्च हाऊस या इमारतीत होत. तिचा पत्ता वृत्तपत्रांनी छापायचा नव्हता. १० मे १९४१ च्या रात्री आगलाव्या बॉम्बनी खुद्द कॉमन्सचे सभागृह पेटले. त्याच वेळी शेजारच्या मध्ययुगीन वेस्टमिन्स्टर हॉललाही आग लागली होती आणि दोन्ही वाचवणे शक्य नव्हते. हॉल वाचवला गेला, सभागृह जळून गेले. जूनपासून कॉमन्स उमरावांच्या दालनात बसू लागले आणि उमराव राजाच्या पोशाखदालनात सरकले. कामाची पत्रिका बदलली नाही. ६ जून १९४४ रोजी, सैन्य नॉर्मंडीच्या वाळूवर उतरत असताना, लंडनमध्ये आधी प्रश्नोत्तरे झाली. चर्चिल बोलायला उठले तेही प्रथम रोमच्या पाडावावर, आणि मगच नॉर्मंडीवर.

हे चित्र गोंडस करण्याचे कारण नाही. गुप्त बैठका भरत आणि त्यांचा वृत्तांत छापला जात नसे. १९३५ मध्ये निवडलेल्या या संसदेने १९४० पासून दरवर्षी कायदा करून स्वतःचेच आयुष्य वर्षावर्षाने वाढवले आणि ते थेट १९४५ पर्यंत पुरवले. प्रमुख पक्षांनी पोटनिवडणुकांत एकमेकांशी न लढण्याचा तह केला होता. विरोधक म्हणावे असे कोणी फारसे उरलेच नव्हते. टोब्रुक पडल्यावर जुलै १९४२ मध्ये निंदाव्यंजक ठराव आला खरा. तो मांडणारे सर जॉन वॉर्डलॉ-मिल्न एकेकाळी मुंबईत व्यापार केलेले गृहस्थ. पंतप्रधान लष्करात फार ढवळाढवळ करतात, हे त्यांचे म्हणणे. अनुमोदन देणाऱ्या ॲडमिरल कीज यांचे म्हणणे, की पंतप्रधान पुरेशी करीत नाहीत. त्यातच सरसेनापती म्हणून राजाच्या भावाचे नाव सुचवून सर जॉननी सभागृहाला हसवले. ठराव ४७५ विरुद्ध २५ मतांनी फेटाळला गेला.

सरकार खरोखर हरले ते एकदाच, आणि तेही युद्धाच्या प्रश्नावर नव्हे. रॅब बटलर यांचे शिक्षण विधेयक कलमाकलमाने पुढे सरकत होते. (बटलर यांचे वडील सर माँटेग्यू नागपूरला मध्यप्रांताचे गव्हर्नर होते, हे विदर्भातील वाचकांना ठाऊक असेल.) २८ मार्च १९४४ रोजी थेल्मा कॅझलेट-कीर यांनी दुरुस्ती सुचवली : शिक्षिकांना शिक्षकांइतकेच वेतन मिळावे. ती ११७ विरुद्ध ११६ अशी एका मताने संमत झाली. नॉर्मंडीला दहा आठवडे उरले असताना चर्चिलनी हा अपमान मानला आणि हाच विश्वासदर्शक प्रश्न ठरवून मत फिरवायला लावले. ३० मार्चला ४२५ विरुद्ध २३ मतांनी दुरुस्ती पुसली गेली. एवढ्या मोठ्या माणसाने एका मताशी एवढ्या इरेला पेटावे, हे आज वाचताना खुजे वाटते. शिक्षिकांना समान वेतन टप्प्याटप्प्याने मिळू लागले ते १९५५ पासून आणि पूर्ण मिळाले १९६१ मध्ये.

आणि आपण? ३ सप्टेंबर १९३९ रोजी, रविवार असूनही, कॉमन्सची बैठक भरली आणि पंतप्रधानांनी तिला युद्धाची वार्ता दिली. त्याच दिवशी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी कोणत्याही भारतीय कायदेमंडळाला न विचारता भारत युद्धात असल्याचे जाहीर केले. दिल्लीचे मध्यवर्ती कायदेमंडळ १९३४ मध्ये निवडलेले होते. त्याचेही आयुष्य १९४५ पर्यंत लांबवले गेले, पण ते लांबवले व्हाइसरॉयनी. भारत संरक्षण नियमांतील स्थानबद्धतेचा नियम अवैध असल्याचा निर्णय एप्रिल १९४३ मध्ये फेडरल कोर्टाने दिला. खटला मुंबई इलाख्यातील केशव तळपदे यांचा होता. सरकारने काही दिवसांतच वटहुकूम काढून ती फट बुजवली. लंडनमध्ये चार शब्द बदलण्यासाठी गृहमंत्र्याला सभागृहात उभे राहून नमावे लागले होते. येथे एक सही पुरली.

भारताचे प्रश्न कॉमन्समध्ये विचारले जात नसत असे नाही. भारतमंत्री होते तेच लिओ अमेरी, जन्माने गोरखपूरचे, नॉर्वे चर्चेचे नायक. मजूर पक्षाचे रेजिनाल्ड सोरेन्सन यांच्यासारखे सदस्य त्यांना चिकाटीने प्रश्न विचारीत. बंगालच्या दुष्काळावर ४ नोव्हेंबर १९४३ रोजी चर्चाही झाली. तोवर कलकत्त्याच्या रस्त्यांवर माणसे मरून पडत होती. या दुष्काळात वीस ते तीस लाख बळी गेले असे मानले जाते. अमेरींना पदावरून ढळवू शकणारे एकही मत बंगालच्या हाती नव्हते. ब्रिक्स्टनच्या कोठडीतून नाझीधार्जिणा खासदार लेखी उत्तर मागवू शकत होता. मिदनापूरच्या शेतकऱ्याला मात्र आपला प्रश्न दुसऱ्या देशाच्या एखाद्या सहृदय सदस्याच्या तोंडी यावा, याची वाट पाहावी लागे.

जळालेले सभागृह पुन्हा बांधून २६ ऑक्टोबर १९५० रोजी उघडले. राष्ट्रकुलातील देशांनी त्यासाठी भेटी पाठवल्या होत्या. अध्यक्षांचे आसन ऑस्ट्रेलियाने दिले आणि मधले मेज कॅनडाने. सदस्य ज्यांतून आत जातात ते दरवाजे भारत आणि पाकिस्तान यांनी दिलेले आहेत.