शेवटची लोकल आणि नवे नाटक

दिवाळीची सुट्टी लागण्याच्या आदल्या दिवशी आमच्या शिक्षकांच्या खोलीत दरवर्षी एक प्रश्न हमखास येतो. वह्यांचे गठ्ठे बांधून झालेले असतात, फराळाचे डबे उघडलेले असतात, आणि कुणीतरी बाई माझ्याकडे वळून म्हणतात, "सर, तुम्ही नाटकवाले. सुट्टीत घरच्यांना घेऊन जाईन म्हणते, एखादं चांगलं नाटक सांगा ना. पण जुनंच सांगा हं. नव्यात काय असेल, भरवसा नाही."

मी शाळेत चित्रकला शिकवतो, शिक्षण मॅट्रिकपुढे गेले नाही आणि तीन-चार कादंबऱ्या नावावर आहेत. 'नाटकवाला' ही पदवी मला मिळाली ती स्नेहसंमेलनाचे पडदे रंगवून. तरीही त्या 'जुनंच सांगा'वर दरवर्षी माझा जीव थोडा कळवळतो. म्हणून वाचकहो, या वर्षी ते उत्तर जरा सविस्तर देण्याचे योजले आहे.

जुने म्हणजे कोणते? बाईंच्या मनात असते 'एकच प्याला', 'तुझे आहे तुजपाशी' किंवा 'तो मी नव्हेच'. यांतले एकही नाटक जुने म्हणून जन्माला आले नाही. 'एकच प्याला' पहिल्यांदा रंगभूमीवर आले ते २० फेब्रुवारी १९१९ रोजी, बडोद्यास. ते लिहिणारे गडकरी त्याआधी महिनाभर, २३ जानेवारीला, जग सोडून गेले होते. आपली सिंधू आणि आपला सुधाकर त्यांनी रंगमंचावर पाहिलेच नाहीत. त्या रात्री बडोद्याच्या नाट्यगृहात जे बसले होते, ते एक अगदी नवे नाटक पाहण्यासाठी बसले होते. 'जुनेच पाहू' असे म्हणून ते घरी राहिले असते, तर आज बाईंनी कोणते नाव घेतले असते?

याच्याही मागे जावे. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केले. तो दिवस आपण रंगभूमी दिन म्हणून पाळतो, आणि दिवाळीच्या आगेमागेच तो येतो. त्या प्रेक्षकांजवळ तर जुने असे काही नव्हतेच! दहा वर्षांनी, १८५३ साली, भाव्यांची मंडळी मुंबईस आली आणि ग्रँट रोडच्या थिएटरात खेळ झाले. तिथून मुंबईचे नाटक गिरगावात स्थिरावले, मग परळ-दादरला आले. आम्हा उपनगरांच्या वाट्याला ते फार उशिरा आले.

मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवली येथल्या जुन्या माणसांना विचारा. नाटक म्हणजे काय, तर आधी दादरला जाण्याची लोकल आणि नंतर परतीची शेवटची लोकल. तिसऱ्या अंकात नायिका रडत असे आणि इकडे प्रेक्षक मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत असे. पुढे पार्ल्याला दीनानाथ मंगेशकर नाट्यगृह झाले, मुलुंडला कालिदास झाले, बोरिवलीला प्रबोधनकार ठाकरे झाले, तेव्हा कुठे आमच्या घरच्या आजीबाई चालत नाटकाला जाऊ लागल्या. जुहूचे 'पृथ्वी' उघडले तेही ५ नोव्हेंबरलाच, १९७८ साली. तिथे पहिला प्रयोग झाला तो एका मराठी नाटककाराच्या नाटकाचा: गो. पु. देशपांड्यांचे 'उद्ध्वस्त धर्मशाळा', हिंदी रूपात. मराठी माणसाला ही गोष्ट सहसा ठाऊक नसते आणि सांगितली की तो एकदम सरसावून बसतो.

पण नाट्यगृह जवळ आले म्हणून नाटक जवळ येते असे नाही. उपनगराने मराठी नाटकाला एक मोठी देणगी नाट्यगृह नसतानाच देऊन ठेवली होती. विजय तेंडुलकर पार्ल्यात राहत. एकदा लोकलमध्ये त्यांना एक हौशी मंडळी भेटली. ती पार्ल्यात अभिरूप न्यायालयाचा खेळ करायला निघाली होती. त्यांच्या गप्पा तेंडुलकरांच्या कानावर पडल्या आणि त्या गप्पांतून 'शांतता! कोर्ट चालू आहे' उगवले. १९६७ साली राज्य नाट्यस्पर्धेसाठी अरविंद देशपांड्यांनी ते बसवले आणि सुलभा देशपांडे बेणारेबाई झाल्या. बेणारेबाई शिक्षिका आहे. खेळ म्हणून सुरू झालेल्या खटल्यात सहकारी तिचे खासगी आयुष्य उघडे पाडतात, आणि शेवटी तिची नोकरी जाते की काय हा प्रश्न उरतो. मी तरुणपणी हे नाटक वाचले. दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत शिरताना चहाच्या कपांभोवती चाललेल्या हलक्या कुजबुजीकडे मी निराळ्याच कानांनी ऐकले. त्या दिवसापासून ती कुजबुज सुरू झाली की मी चहा घेऊन व्हरांड्यात जातो.

नव्या नाटकाचे दुखणे हे की त्याला थांबता येत नाही. माझी कादंबरी ग्रंथालयाच्या फळीवर वीस वर्षे धूळ खात पडली तरी एखाद्या रविवारी कुणीतरी ती उचलते. नाटकाला रिकाम्या खुर्च्यांचे पाच-सहा प्रयोग सोसवत नाहीत. कधी खुर्च्या भरलेल्या असूनही घरचेच लोक गळा दाबतात. 'घाशीराम कोतवाल' १९७२ च्या डिसेंबरात पुण्यात आले आणि १९ प्रयोगांनंतर संस्थेच्याच धुरीणांनी ते थांबवले. ज्या मुलांनी ते केले त्यांनी थिएटर अकॅडमी ही वेगळी संस्था काढली, नाटक पुन्हा उभे केले आणि १९८० साली ते युरोपात नेले. १९३३ साली 'नाट्यमन्वंतर'ने 'आंधळ्यांची शाळा' केले. स्त्रीची भूमिका स्त्रीनेच करावी हे ज्योत्स्ना भोळ्यांना रंगमंचावर आणून दाखवून दिले, कौतुकही झाले, पण ती संस्था फार वर्षे टिकली नाही. कौतुक करणारे आणि तिकीट काढणारे हे नेहमी एकच लोक नसतात.

दादरच्या छबिलदास शाळेची गोष्ट यासाठीच मला फार प्रिय आहे. १९७४ पासून त्या शाळेच्या सभागृहात 'आविष्कार'ने नवी नाटके करायला सुरुवात केली. ना उंच रंगमंच, ना गुबगुबीत खुर्च्या. दिवसा प्रार्थना व्हायची त्या जागेत संध्याकाळी नाटक व्हायचे, आणि एका पिढीचे नाटककार, नट, दिग्दर्शक तिथे घडले. मीही एका शाळेत (ती आता माझी शाळा नाही) संचालकांकडे असाच अर्ज केला होता. महिन्यातून एक शनिवार, दोनशे खुर्च्या, नाटक नवे. उत्तर आले की फरशी खराब होईल. त्याच फरशीवर लग्नांच्या पंगती बसत. असो.

आता एका नव्या नाटकाची गोष्ट सांगतो. तेही आता नवे राहिलेले नाही, पण माझ्यापुरते ते कायम नवे आहे.

माझे वडील लालबागच्या एका गिरणीत साच्यावर होते. कामगारांच्या नाटकांत ते प्रॉम्प्टर. परळच्या दामोदर हॉलमध्ये विंगेत उभे राहून त्यांनी कितीतरी राजांना आणि खलनायकांना वाक्ये पुरवली. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर मागे कधी घेतलाच गेला नाही. माणसे मात्र एकेक करून गावी गेली, नाहीतर उपनगरात आली. आम्ही चाळीतली खोली विकून मुलुंडला आलो. वडील एका कारखान्याच्या फाटकावर वॉचमन झाले. नाटकाचे नाव त्यांनी पंधरा वर्षे काढले नाही.

१९९७ साली जयंत पवारांचे 'अधांतर' आले, मंगेश कदमांच्या दिग्दर्शनात. संपानंतरचे एक गिरणगावातले कुटुंब, धुरी यांचे. बाप गेलेला, मुले चार दिशांना भरकटलेली, आणि आई सगळ्यांना एका खोलीत धरून ठेवू पाहते. त्या वर्षी मी दहावी झालो होतो. शिकवणीच्या नावाने साठवलेल्या पैशांतून मी दोन तिकिटे काढली आणि वडिलांना खोटे सांगून दादरला नेले. मला वाटले होते ते मध्यंतरातच उठतील. ते उठले नाहीत. ज्योती सुभाष यांची आई रंगमंचावर होती, आणि मला अंधारात दिसत होते की वडिलांचे ओठ हलत आहेत. जणू ते विंगेत उभे होते.

शेवटच्या लोकलमध्ये घाटकोपरपर्यंत ते गप्प होते. मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "ह्या नाटकाक प्रॉम्प्टर कशाक व्हयो? आमका सगळ्यांका पाठच आसा."

त्यानंतर ते माझ्याबरोबर नाटकांना येऊ लागले. जयंत पवार २०२१ साली गेले तेव्हा वडील हयात नव्हते.

तर बाईंना काय सांगावे? तुमच्याबरोबर सासूबाई आणि मुलगी दोघीही असतील, तर प्रशांत दळवींचे 'चारचौघी' घ्या. १९९१ चे नाटक २०२२ मध्ये पुन्हा उभे राहिले आणि त्यातली आई, तिच्या तीन मुली आणि त्यांचे प्रश्न शिळे झाले नसल्याचे सगळ्यांच्या लक्षात आले. विद्याचे ते लांबलचक टेलिफोनवरचे बोलणे चालू असताना सभागृहात कुणी खोकतही नाही. परतताना सासू-सुनांत वाद होईल. होऊ द्या.

भजन-कीर्तनाची आवड असलेले घर असेल तर प्राजक्त देशमुखांचे 'संगीत देवबाभळी'. २०१७ साली ते व्यावसायिक रंगभूमीवर आले. पात्रे दोनच, तुकोबांची आवली आणि तिच्या घरी लखुबाई होऊन आलेली रखुमाई. देवाची बायको आणि भक्ताची बायको एकमेकींपाशी आपापल्या नवऱ्यांविषयी बोलतात, ही कल्पनाच अशी की आजींचे डोळे पाणावतात आणि हसूही येते.

शिवरायांच्या नावाने घोषणा देणारा एखादा तरणा मुलगा घरात असेल, तर राजकुमार तांगडे यांचे 'शिवाजी अंडरग्राऊंड इन भीमनगर मोहल्ला' त्याला दाखवा. राजे वर आले, पण त्यांचे विचार पृथ्वीवरच राहिले, म्हणून ते न्यायला यम खाली उतरतो. २०१२ मध्ये जालन्याकडच्या, शेती करणाऱ्या मुलांनी ते उभे केले आणि मुंबईकरांना डोके खाजवायला लावले. आणि आपल्यापेक्षा पुढे गेलेल्या मित्राचा हेवा ज्याला कधीच वाटला नाही असा सद्गृहस्थ सापडला, तर त्याला राजीव नाईकांचे 'साठेचं काय करायचं?' नको. बाकी सगळ्यांना चालेल. साठे शेवटपर्यंत रंगमंचावर येतच नाही, पण घरी गेल्यावर तो आपल्या सोफ्यावर बसलेला असतो. कादंबरीकारांनी ते दोनदा पाहावे. मी पाहिले आहे.

यांचे प्रयोग नेहमी लागतातच असे नाही. काहींची छापील पुस्तके मात्र मिळतात. सुट्टीत घरच्या चार माणसांनी भूमिका वाटून घेऊन मोठ्याने वाचावीत. आमच्याकडे लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी हा कार्यक्रम असतो. माझी मुलगी आता विंगेत, म्हणजे स्वयंपाकघराच्या दारात, उभी राहते आणि अडलेल्याला वाक्य पुरवते. गेल्या वर्षी शेजारच्या काकांनी मध्येच चकली तोंडात टाकली आणि संपूर्ण एक प्रवेश तिनेच म्हटला.

सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी बाईंनी हे सगळे ऐकून घेतले. मग डबा मिटत म्हणाल्या, "बरं, नवंच बघू. पण सर, वाईट निघालं तर?"

म्हटले, "तर पुढच्या वर्षी माझ्या डब्यातली करंजी तुमची."

त्यांनी चार तिकिटे काढली आहेत, येत्या रविवारची, दुपारच्या प्रयोगाची.