पवित्र कम्युनियन : पंक्तिभेद नसलेली पंगत



महोत्सवप्रसंगीं पूर्वजांच्या श्रद्धेचें स्मरण करणें उचितच आहे. परंतु ती श्रद्धा ज्या पवित्र मेजाभोंवतीं वाढली, त्याचा इतिहासही आपण जाणला पाहिजे.

दुःख भोगण्याच्या आदल्या रात्रीं प्रभु येशूनें भाकर व द्राक्षारस ह्यांच्या रूपानें आपलें शरीर व रक्त शिष्यांस दिलें. त्यानंतर पुरतीं तीस वर्षेंही लोटलीं नव्हतीं, तोंच करिंथ येथील मंडळींत ह्या भोजनास गालबोट लागलें. श्रीमंत आधीं जेवून तृप्त होत. गरीब उपाशी राहत. ह्यासच आपण पंक्तिभेद म्हणतों. असें जमणें हें प्रभूचें भोजनच नव्हे, असें संत पौलानें त्यांस कठोर शब्दांत बजाविलें. एका भाकरीचे वांटेकरी ते सर्व मिळून एकच शरीर होत, अशी त्याची शिकवण होती.

पुढें भीतीमुळें वा उदासीनतेमुळें लोक ह्या मेजापासून दूर राहूं लागले. इतके, कीं निदान वर्षांतून एकदां, ईस्टरच्या काळांत, कम्युनियन घ्यावेंच, अशी आज्ञा १२१५ सालीं चौथ्या लॅटरन परिषदेस करावी लागली. पोप दहावे पायस ह्यांनीं १९०५ सालीं योग्य तयारी असलेल्या भाविकांस रोज कम्युनियन घेण्यास उत्तेजन दिलें, आणि १९१० सालीं सुमारें सात वर्षांच्या समजूतदार बालकांसही तें खुलें केलें. पूर्वीं मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबही वर्ज्य असे. राबणाऱ्या मजुरास हें किती कठीण! बारावे पायस ह्यांनीं १९५३ सालीं पाण्याची मोकळीक दिली व १९५७ सालीं उपवास तीन तासांवर आणिला. सहावे पॉल ह्यांनीं १९६४ सालीं तो एका तासावर आणिला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६३ च्या निर्णयानें मिस्सेंत लोकभाषेस वाट मिळाली. ज्या जिल्ह्यांत अंबाजोगाईस आद्यकवि मुकुंदराजांची समाधि आहे, तेथील भाविकांस आपल्याच मराठींत मिस्सा ऐकावयास मिळूं लागली.

मराठवाड्यांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस संत फ्रान्सिस द सेल्स ह्यांच्या नांवाच्या संघाचे मिशनरी घोगरगांव, बोरसर अशा खेड्यांत आले. गांवच्या पाणवठ्यावर ज्यांस घागर भरूं देत नसत, अशांनीं मोठ्या संख्येनें हें मेज आपलेंसें केलें. त्याच कार्यांतून पुढें १९७७ सालीं औरंगाबाद धर्मप्रांत उभा राहिला.

आज बीड जिल्ह्यांतील कितीतरी कुटुंबें दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस जातात. त्यांचा नाताळ फडावरच होतो, आणि पंगतींतील त्यांची जागा रिकामी राहते. कम्युनियन घेऊन आपण त्यांस विसरलों, किंवा सोयरीक जुळवितांना पूर्वीची जात विचारली, तर करिंथकरांत आणि आपणांत भेद तो काय राहिला?

म्हणून फडावर गेलेल्यांच्या म्हाताऱ्या आईबापांची विचारपूस करावी. त्यांचें लेंकरूं शाळेसाठीं आपल्या घरीं ठेवून घ्यावें. वेदीवर स्वीकारिलेला ख्रिस्त अशा रीतीनें घरोघर पोंचतो. ह्या महोत्सवीं वर्षीं प्रभु आपणां सर्वांस एका पंगतीचे, एका शरीराचे करो. आमेन.