पाण्याआडचा सेनापती

२००२ च्या जानेवारीत, ऑपरेशन पराक्रमच्या वेळी, आमची पलटण पंजाबच्या सीमेवर होती. समोरचे गाव रिकामे करायचा हुकूम आला. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत खाटा, पेट्या, कोंबड्या भरल्या जात होत्या. एक म्हातारे सरदारजी काही केल्या ट्रॉलीत चढेनात. शेवटी त्यांनी मला एकच विचारले, "पुत्तर, तुम्ही इथेच राहणार ना?" मी "हो बाबाजी" म्हणालो, तेव्हा ते चढले.

हा प्रश्न मला पुन्हा आठवला तो कोरियाचा इतिहास वाचताना. कोरिया आपल्या फौजेला अगदी परका नाही. १९५३ साली मेजर जनरल शंकरराव थोरात यांच्या हाताखाली आपले जवान युद्धकैद्यांच्या देखरेखीसाठी तिथे गेले होते. ते पानमुनजोमजवळच्या छावणीत राहिले. तिथून जवळच केसोंग शहर आहे. सातशे-आठशे वर्षांपूर्वी ते गोर्यो राज्याची राजधानी होते, आणि आजची गोष्ट तिथूनच सुरू होते.

गोर्योत ११७० साली लष्कराने बंड करून सत्ता घेतली. राजा नावाला उरला. ११९६ पासून कारभार चोए घराण्याच्या हाती गेला आणि १२१९ मध्ये बापामागून चोए ऊ गादीवर नसलेला राजा झाला. नेमणुका त्याच्या वाड्यात ठरत. राजधानीत रात्रीच्या गस्तीसाठी त्याने निवडक शिपायांचे पथक उभे केले, आणि पुढे त्यातूनच त्याची खास फौज तयार झाली.

१२३१ साली मंगोल सरदार सारिताई यालू नदी ओलांडून आला. उत्तरेतल्या कुजूच्या किल्ल्यावर पाक सो याने मंगोलांचे सगळे डाव हाणून पाडले. पण मंगोल बाकीचे किल्ले मागे टाकत राजधानीपर्यंत पोचले. खंडणी देऊन तह करावा लागला. मंगोल परत गेले, मात्र आपले अंमलदार मागे ठेवून.

१२३२ मध्ये चोए ऊने राजधानी गांगह्वा बेटावर हलवायचा विचार मांडला. बैठकीत बहुतेक गप्प बसले. यु सुंग-दान या वृद्ध मंत्र्याने विरोध केला. आपण बेटावर लपलो तर सीमेवरची तरुण माणसे कापली जातील आणि म्हातारी-पोरे गुलाम होतील, असे त्याचे म्हणणे होते. गस्तीच्या पथकातला किम से-चुंग हा अधिकारी तर बैठकीत घुसून म्हणाला, की राजधानीची तटबंदी भक्कम आहे, धान्यही आहे, इथेच लढू. चोए ऊने विचारले, लढण्याची योजना काय? त्याला उत्तर देता आले नाही. त्याचे डोके उडवले गेले.

योजना विचारणे हा सेनापतीचा हक्कच आहे. डोके उडवणे हे उत्तर नव्हे. त्यानंतर कोण बोलणार?

लष्करी हिशेबाने मात्र चोए ऊ चुकला नव्हता, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. गांगह्वा आणि किनारा यांच्यामधली खाडी एखाद्या मोठ्या नदीएवढीच आहे. पण भरती-ओहोटीतला फरक प्रचंड, ओढ जबरदस्त, आणि ओहोटीला उघडा पडणारा चिखल घोड्याला गिळणारा. मंगोलांचे सगळे बळ घोड्यावर होते. शिवाय दक्षिणेतून सारा म्हणून येणारे धान्य जहाजांनी थेट बेटावर पोचत होते. म्हणजे रसद शाबूत. जवळजवळ चाळीस वर्षे दरबार तिथे राहिला, आणि मंगोलांना ते बेट कधीच जिंकता आले नाही.

पण निघण्याची तऱ्हा पाहा. ऐन पावसाळ्यात, चिखल तुडवत लोक हलवले गेले. धान्य वाहायच्या शंभरावर गाड्या चोए ऊने स्वतःच्या घरचे सामान नेण्यासाठी वापरल्या. बेटावर वाडा बांधला, बागेसाठी झाडेसुद्धा मुख्य भूमीवरून आणवली. आणि मागे राहिलेल्यांना हुकूम सुटला, की डोंगरी किल्ल्यांत आणि बेटांवर जा. पुढच्या काळात ऐकले नाही तर घरे आणि धान्य जाळून त्यांना हुसकावले गेले. कित्येक उपासमारीने मेले. १२५४ च्या एकाच स्वारीत मंगोलांनी २ लाख ६ हजारांहून जास्त माणसे धरून नेल्याची नोंद गोर्योच्या इतिहासग्रंथात आहे.

मग मुख्य भूमीवर लढले कोण? १२३२ मध्ये चोइन नावाच्या लहानशा गढीपाशी सारिताई बाणाने मारला गेला. गढीत होते किम युन-हू नावाचा बौद्ध भिक्षू आणि आसपासचे हलक्या दर्जाचे गावकरी. चुंगजू शहरात पहिल्या स्वारीच्या वेळी उच्चकुलीन पळाले, गुलामांच्या तुकडीने शहर राखले. पळालेले परत आले आणि त्यांनी पहिले काम काय केले? चांदीची भांडी मोजली आणि चोरीचा आळ गुलामांवर घेतला!

त्याच चुंगजूला १२५३ मध्ये पुन्हा वेढा पडला. आता सेनापती होता तोच किम युन-हू. सत्तर दिवस झाले, धान्य संपत आले. तेव्हा त्याने सर्वांसमोर गुलामांच्या नोंदवह्या जाळल्या आणि लुटीतली गुरे-घोडी त्यांना वाटून टाकली. माणसे जिवावर उदार होऊन लढली आणि वेढा उठला.

चोए ऊ १२४९ मध्ये अंथरुणात मेला. त्याचा नातू चोए उई १२५८ मध्ये आपल्याच माणसांच्या हातून मारला गेला. लोक उपाशी असताना त्याने कोठारे उघडली नव्हती, हा त्याच्यावरचा एक मोठा राग होता. पुढच्याच वर्षी युवराज तहासाठी मंगोलांकडे गेला. १२७० मध्ये दरबार जुन्या राजधानीत परतला. राजवंश १३९२ पर्यंत टिकला, त्याचे काही श्रेय त्या खाडीला आहे, हे नाकारता येत नाही.

मागे हटणे हा गुन्हा नाही. आपण सर्वांनी ते शिकलेले आहे, काहींनी केलेलेही आहे. पण मागे हटताना गाडीत आधी काय भरले आणि मागे कोण उरले, यावरून सेनापती ओळखावा. चोए ऊने योजना विचारली आणि ती त्याच्याकडे होतीही. तिच्यात दरबार होता, कोठार होते, फौज होती. किनाऱ्यावरचा माणूस तेवढा नव्हता.

आम्ही त्या गावाच्या शेतात दहा महिने होतो. सरदारजी परत आले तेव्हा त्यांनी आधी आपले घर पाहिले नाही. आमच्या मोर्चाकडे येऊन आम्ही आहोत का, ते पाहिले.

जय हिंद.