राखीव जागा कुणाची? ब्रिटनमधल्या पार्किंग बिल्ल्याची गोष्ट

आजचा विषय ऐकून काहींना वाटलं असेल, पार्किंगला कसला आलाय इतिहास? पण राखीव जागेवर एखादी गाडी थांबते, आतून धडधाकट दिसणारा माणूस उतरतो आणि सरळ चालत निघून जातो. बघणाऱ्याच्या मनात लगेच येतं, ‘याला काय धाड भरलीय?’ हा प्रश्न साधा नाही. राखीव जागा नेमकी कुणासाठी, याचं उत्तर कायद्यानेही वेळोवेळी बदललेलं आहे. ते कसं बदललं हे बघायला ब्रिटनचं उदाहरण चांगलं आहे, कारण तिथे ही व्यवस्था १९७१ पासून सलग चालू आहे.

सुरुवात जरा आधीपासून करू. १९४८ मध्ये ब्रिटनमध्ये नॅशनल हेल्थ सर्व्हिस सुरू झाली. तिच्यामार्फत चालता न येणाऱ्यांना सरकार एक तीनचाकी गाडी देत असे. फिकट निळा रंग आणि आत एकच सीट. सोबत कुणाला बसवायची मुभा नव्हती. म्हणजे बघा, अपंग आईला गाडी मिळाली, तरी त्या गाडीतून स्वतःचं मूल नेता येत नव्हतं. आणि ज्याला गाडी चालवताच येत नाही, त्याला या योजनेतून काहीच नाही. वास्तविक त्याची अडचण जास्त मोठी. पण मदत वाहनाला बांधलेली होती, म्हणून जो वाहन चालवू शकेल त्यालाच ती मिळायची.

इथे आल्फ मॉरिस यांचं नाव येतं. मँचेस्टरच्या विदनशॉ भागातले मजूर पक्षाचे खासदार. त्यांचे वडील पहिल्या महायुद्धात जबर जखमी झालेले होते आणि मॉरिस लहान असतानाच वारले. १९६९ मध्ये खासगी विधेयकांच्या सोडतीत मॉरिस यांचा पहिला नंबर लागला आणि त्यांनी अपंगांसाठीचं विधेयक हाती घेतलं. पुढे निवडणूक जाहीर झाली, संसद विसर्जित व्हायची वेळ आली आणि विधेयक बुडतंय की काय अशी स्थिती आली. ते वाचलं अगदी काठावर. २९ मे १९७० ला, म्हणजे संसद विसर्जित झाली त्याच दिवशी, त्याला राणीची मंजुरी मिळाली.

या कायद्याचं २१वं कलम आपल्या कामाचं. स्थानिक प्रशासनाने अपंग व्यक्तीला एक बिल्ला द्यायचा, तो गाडीत दिसेल असा लावायचा आणि त्यावर पार्किंगच्या सवलती मिळायच्या. १९७१ च्या अखेरीला हा नारिंगी बिल्ला सुरू झाला. यातली मोलाची गोष्ट अशी की ती व्यक्ती स्वतः गाडी चालवत असो किंवा दुसऱ्याच्या गाडीत बसून जात असो, बिल्ला दोघांनाही मिळू शकत होता. आज मुलाची गाडी, उद्या शेजाऱ्याची, परवा टॅक्सी. बिल्ला माणसाबरोबर फिरणार. हक्क वाहनाकडून माणसाकडे आला. माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं हे सर्वांत मोठं पाऊल.

त्याच सुमाराला आणखी एक गोष्ट घडली. १९६८ मध्ये सुझान कूफूड या डॅनिश विद्यार्थिनीने व्हीलचेअरचं एक चिन्ह काढलं. तिच्या चित्रात नुसती खुर्ची होती. नंतर कार्ल मोंटान यांनी वर एक गोल जोडला, त्यामुळे खुर्चीत माणूस आला. तेच चिन्ह पुढे जगभर गेलं. लांबून ओळखू येतं, भाषा लागत नाही, सगळं खरं. पण त्याने आपल्या नजरेला एक वळण लावलं: राखीव जागा म्हणजे व्हीलचेअरवाल्याची जागा. कायदा मात्र तसं म्हणत नव्हता. फुप्फुसाचा आजार असलेला, वीस पावलांनंतर धाप लागणारा माणूस पहिली वीस पावलं तुमच्या-माझ्यासारखीच टाकतो. आपण नेमकी तीच बघतो.

मग गैरवापराचा प्रश्न आला. आजीच्या बिल्ल्यावर नातवाने एकट्याने बाजार करायचा, हे तिथेही होतं. १९८४ च्या वाहतूक कायद्यात बिल्ल्याचा गैरवापर हा गुन्हा ठरला. २००० पासून युरोपीय नमुन्याचा निळा बिल्ला आला, त्यावर धारकाचा फोटो. २०१३ च्या कायद्याने गैरवापर होत असेल तर बिल्ला जागेवरच जप्त करायचा अधिकार दिला. शिवाय अर्जदाराच्या नेहमीच्या डॉक्टरच्या शब्दावर भिस्त ठेवण्याऐवजी स्वतंत्र तपासणीवर भर आला. हे सगळं योग्यच होतं. पण चालण्याची अडचण आता मीटरमध्ये मोजली जाऊ लागली. २०१३ पासूनच्या नव्या अपंगत्व भत्त्यात ५० मीटरपेक्षा जास्त चालता येत नसेल तर ठरावीक गुण मिळतात आणि त्या गुणांवर बिल्ला मिळतो.

आता ज्याला ५० मीटर काय, ५ किलोमीटर चालता येतं, पण गाडीतून उतरल्यावर रहदारीचा आवाज सहन न होऊन जो रस्त्यात धावत सुटतो, अशा स्वमग्न मुलाचं काय? त्याचे पाय ठणठणीत आहेत. गाडीपासून दारापर्यंतचा प्रवास मात्र धोक्याचा आहे. ३० ऑगस्ट २०१९ पासून इंग्लंडने हे मान्य केलं. चालताना तीव्र मानसिक त्रास होत असेल किंवा स्वतःला वा इतरांना गंभीर इजा होण्याचा धोका असेल, तर तीही पात्रता धरली गेली.

यावर जुन्या बिल्लेधारकांपैकी काहींनी काळजी व्यक्त केली. त्यांना मत्सरी म्हणून मोकळं होऊ नका. इंग्लंडमध्ये तेव्हाच २० लाखांहून जास्त बिल्ले होते. व्हीलचेअर बाहेर काढायला गाडीचं दार पूर्ण उघडावं लागतं, म्हणजे रुंद जागाच लागते. ती मिळाली नाही तर तो माणूस लांब जाऊन चालत येऊ शकत नाही. तो घरी परततो. मध्य लंडनच्या काही भागांत जागांवर इतका ताण आहे की तिथे ही राष्ट्रीय योजना पूर्णपणे लागूच नाही. यादी वाढवायला एक नियम पुरतो. जागा वाढवायला रस्ता लागतो, पैसा लागतो. तो खर्च टाळला की दोन गरजवंत एकमेकांसमोर उभे राहतात आणि व्यवस्था बाजूला राहते.

आपल्याकडे बघू. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात २१ झाले. त्यात स्वमग्नता आहे, थॅलेसेमिया आहे, सिकलसेल आहे. बस थांबे, रेल्वे स्थानकं, विमानतळ इथे सुगम पार्किंग असावं असंही कायदा म्हणतो. पण आपल्याकडच्या बहुतेक सवलती ४० टक्क्यांच्या दाखल्यावर चालतात. टक्का शरीराचा असतो. गाडीपासून दारापर्यंतचं अंतर या माणसाला किती महाग पडतं, हे त्या आकड्यातून कळत नाही. ब्रिटनला निदान तो प्रश्न विचारायचा असतो हे उमगलं, आणि तेही पन्नास वर्षं चुकतमाकत.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. जागा त्याला मिळावी, ज्याला ते अंतर झेपत नाही. कारण पायात असो, छातीत असो की मनात. ती पारख एकदाच, नीट, कार्यालयात व्हावी. रोज गेटवर वॉचमनने आणि येणाऱ्या-जाणाऱ्याने करायची ती गोष्ट नाही. आणि यादी वाढवणाऱ्याने त्याच बैठकीत जागा किती वाढणार हेही सांगावं.

इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.