कुत्र्याचे कान काय सांगतात?

आपण मराठी माणसं दिवसातून कितीदा तरी कुत्र्याच्या कानाशेपटीचा आधार घेऊन बोलतो आणि ते आपल्या ध्यानातही येत नाही. पगारवाढीची कुणकुण लागली की कचेरीतले लोक कान टवकारतात. सभेत वाघासारखा बोलणारा पुढारी वेळ आली की शेपूट घालतो. साहेबांपुढे कोणी गोंडा घोळतो, तर घरी येऊन बायकोमुलांवर गुरगुरतो. हे सगळे वाक्प्रचार कोणा पंडितानं घडवलेले नाहीत. ओसरीवर, गोठ्यात, मेंढवाड्यावर पिढ्यानपिढ्या कुत्र्याकडे बघत बसलेल्या माणसांनी ते भाषेला दिले.

मी कविता लिहिणारा माणूस. शब्द कुठून आला हे शोधायची खोड आहे. बी.ए.ला इतिहास घेतला होता, म्हणून त्या शोधाला सनावळ्यांची जोड देता येते. कुत्र्याच्या कानांबद्दल माणसानं काय काय लिहून ठेवलं आहे, हे बघत गेलो तेव्हा फार लांबचा प्रवास झाला. त्यातला काही भाग आज तुम्हाला सांगतो.

कुत्र्याच्या कानांची एक फार जुनी नोंद ग्रीक कवी होमरच्या ‘ओडिसी’ या महाकाव्यात आहे. हे काव्य सुमारे २७०० वर्षांपूर्वीचं मानलं जातं. राजा ओडिसियस वीस वर्षांनी भिकाऱ्याच्या वेषात घरी परततो. त्याला कोणी ओळखत नाही. दारापाशी उकिरड्यावर पडलेला त्याचा म्हातारा कुत्रा आर्गोस मात्र ओळखतो. उठून धन्याजवळ जाण्याचं बळ त्याच्यात उरलेलं नसतं. तो फक्त शेपटी हलवतो आणि दोन्ही कान खाली पाडतो. मग प्राण सोडतो. तो भुंकला, रडला असं काहीही होमर म्हणत नाही. कान पडले, एवढंच. आणि ते अगदी बरोबर आहे. ओळखीच्या, लाडक्या माणसाला बघून कुत्र्याचे कान मागे जातात, खाली येतात. कवीनं हे नुसतं ऐकून लिहिलेलं नाही, पाहून लिहिलेलं आहे.

त्यानंतर झेनोफोन नावाचा ग्रीक सेनानी आणि लेखक झाला. इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकातला. शिकारीवरच्या पुस्तकात त्यानं सशाच्या मागावर असलेल्या कुत्र्यांचे स्वभाव नोंदवले आहेत. कोणी नुसते कान हलवतं आणि शेपटी स्थिर ठेवतं. कोणी कान स्थिर ठेवून शेपटीचं टोक हलवतं. कोणी कान टवकारून, कपाळाला आठ्या घालून, शेपटी पायात घेऊन पळतं. म्हणजे एकच वास लागला तरी प्रत्येक कुत्रा तो आपापल्या रीतीनं सांगतो, हे त्याला दिसलं होतं.

आपल्याकडे कुत्र्याचं अंग वाचण्याची गरज निराळ्या कारणानं निर्माण झाली. ते कारण म्हणजे पिसाळलेला कुत्रा. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात अशा जनावराचं वर्णन आहे. त्याची शेपटी, जबडा आणि खांदे लोंबतात, तोंडातून लाळ गळते, त्याला धड ऐकू येत नाही की दिसत नाही, आणि ते समोर येईल त्याच्यावर धावून जातं. त्यानं चावलेल्या माणसाला पाण्याची भीती वाटू लागली की तो वाचत नाही, हेही तिथं स्पष्ट सांगितलं आहे. त्या लक्षणाला सुश्रुताचा शब्द आहे ‘जलत्रास’. सूक्ष्मदर्शक नव्हता, विषाणू हा शब्द नव्हता. होती ती फक्त वैद्याची नजर.

मुंबईच्या पारशी बांधवांकडे तर कुत्र्याच्या नजरेलाच धर्मविधीत स्थान आहे. माणूस वारला की प्रेताला कुत्र्याची दृष्टी घडवायची, असा त्यांचा जुना विधी. त्याचं नाव ‘सगदीद’. त्यासाठी ‘चार डोळ्यांचा’ कुत्रा उत्तम, म्हणजे डोळ्यांच्या वर दोन ठिपके असलेला. आपल्या ऋग्वेदातही यमाचे कुत्रे चार डोळ्यांचेच आहेत. या विधीचं धार्मिक कारण अशुभ शक्ती दूर करण्याचं. पण पारशी अभ्यासक जीवनजी जमशेदजी मोदी यांनी आणखी एक स्पष्टीकरण नोंदवलं आहे. खरोखर प्राण गेला असेल तर हा कुत्रा प्रेताकडे टक लावून पाहतो, आणि थोडीही धुगधुगी असेल तर पाहत नाही, असं मानलं जाई. माणूस मेला की नाही, याची साक्ष कुत्र्याच्या देहबोलीवरून काढण्याची ही रीत.

अशा समाजाला कुत्र्याबद्दल काय वाटत असेल, हे इंग्रज सरकारला १८३२ साली मुंबईत कळलं. भटकी कुत्री मारण्याचा हुकूम होता आणि मारणाऱ्याला दर कुत्र्यामागे इनाम मिळत होतं. जून महिन्यात पारशी रस्त्यावर उतरले, बाजार बंद पडला, इतर समाजातले लोकही सामील झाले आणि दंगल आवरायला सैन्य बोलवावं लागलं. मुंबईच्या पहिल्या मोठ्या दंगलींपैकी ही एक, आणि ती झाली कुत्र्यांवरून.

आता माझ्या घराबद्दल एक-दोन शब्द. आमच्या मोहल्ल्यात कुत्रा घरात घेत नसत. त्यानं भांड्याला तोंड लावलं तर ते सात वेळा धुवायचं. पण माझी दादी रोज संध्याकाळी भाकरीचा तुकडा दाराबाहेर ठेवायची आणि कुत्र्याला दगड मारला तर आम्हाला रागवायची. तिच्या मनात या दोन गोष्टींचं भांडण कधीच नव्हतं. कारण ती गुहेतल्या झोपलेल्या तरुणांची, अस्हाबे कहफची गोष्ट सांगायची. कुराणात अठराव्या अध्यायात ती आहे. छळाला कंटाळून काही तरुण गुहेत आश्रय घेतात आणि तिथं तीनशे नऊ वर्षं झोपतात. त्यांच्या सोबत एक कुत्रा असतो. तो कसा होता, कोणत्या रंगाचा, काही सांगितलेलं नाही. सांगितली आहे ती त्याची बैठक. उंबऱ्याशी पुढचे दोन्ही पाय पसरून तो बसला होता. राखण करणारं कुत्रं असंच बसतं, हे कोणाही मेंढपाळाला न सांगता समजेल.

हे सगळं कवींचं, वैद्यांचं, शिकाऱ्यांचं पाहणं. त्याला शास्त्राचं रूप दिलं चार्ल्स डार्विननं. १८७२ साली त्याचं माणसाच्या आणि प्राण्यांच्या भावप्रदर्शनावरचं पुस्तक आलं. त्यात कुत्र्याची दोन चित्रं शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. पहिल्यात कुत्रा परक्यावर चालून जातो आहे. अंग ताठ, शेपटी वर, मानेवरचे केस उभे, कान पुढे रोखलेले. दुसऱ्यात त्याच कुत्र्याला कळलं आहे की समोरचा परका नसून आपला धनीच आहे. क्षणात सारं उलटं होतं. अंग खाली झुकतं, शेपटी खाली येऊन हलू लागते, कान मागे जातात. डार्विन म्हणतो की हे उलटेपण हाच त्याचा अर्थ. ‘मी लढणार नाही’ हे सांगायला कुत्रा लढण्याच्या पवित्र्याच्या नेमकं विरुद्ध करतो.

पण डार्विन इथंच थांबला नाही, आणि माझ्या मते त्याच्या पाहण्यातली सर्वांत मोलाची गोष्ट पुढेच आहे. प्रत्यक्ष झेप घेतानाही कुत्र्याचे कान मागेच जातात! फक्त तेव्हा ते डोक्याला घट्ट चिकटतात. दातांनी लढणारी जनावरं एकमेकांचे कान पकडून फाडतात, म्हणून लढताना कान आवरून घ्यायचे, असं त्यानं त्याचं कारण दिलं. म्हणजे मागे गेलेले कान प्रेमाचेही असतात, भीतीचेही आणि हल्ल्याचेही. नुसता कान पाहून अर्थ लावाल तर फसाल. कान किती मागे गेले, अंग सैल आहे की ताठ, ओठ कसे आहेत, शेपटी कुठं आहे, हे सगळं एकत्र वाचावं लागतं. आम्हा कवींना ही गोष्ट चांगली ठाऊक असते. सुटा शब्द काहीच सांगत नाही, ओळ वाचावी लागते.

याच पुस्तकात डार्विननं आपल्या कुत्र्याचा एक गमतीचा प्रसंग दिला आहे. त्याच्या फिरायला जायच्या वाटेवर काचघराकडे जाणारा फाटा होता. डार्विन झाडांवर प्रयोग करी, म्हणून कधी कधी त्या फाट्याला वळे. तो वळला रे वळला की कुत्र्याचं डोकं झुके, कान आणि शेपटी एकदम खाली पडत. फिरणं हुकलं! घरच्यांनी त्या मुद्रेला ‘काचघराचा चेहरा’ असं नावच ठेवलं होतं.

विसाव्या शतकात हे पाहणं पुढं गेलं आणि काही ठिकाणी घसरलंही. ऑस्ट्रियाचे कॉनराड लॉरेन्झ यांनी कुत्र्याच्या चेहऱ्यांचा एक तक्ता केला. एका दिशेनं भीती वाढत जाते, दुसऱ्या दिशेनं आक्रमकता, आणि मधल्या चेहऱ्यांत दोन्हींची मिसळ दिसते. घाबरलेला आणि चिडलेला हे दोन निराळे कुत्रे नसून एकाच कुत्र्यात एकाच वेळी दोन्ही असू शकतं, हे त्या तक्त्यानं दाखवलं. दुसरीकडे, १९४७ मध्ये रुडॉल्फ शेंकेल यांनी बाझेलच्या प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांवरून कळपातल्या वर्चस्वाच्या झगड्याचं चित्र रेखाटलं. पुढे ते कुत्र्यांना लागू झालं. कुत्रा आपल्यावर राज्य करू बघतो, म्हणून त्याला दाबून ठेवा, अशी शिकवण जगभर पसरली. ही ‘म्होरक्या’ची कल्पना ज्यांच्या १९७० च्या पुस्तकामुळे लोकप्रिय झाली, त्या अमेरिकन संशोधक डेव्हिड मेक यांनीच १९९९ मध्ये ती खोडून काढली. रानातला कळप म्हणजे बहुतेक वेळा आईबाप आणि त्यांची पोरं, असं त्यांनी मांडलं. कोंडलेल्या, एकमेकांना अनोळखी लांडग्यांवरून साऱ्या जातीचा स्वभाव ठरवला गेला होता. त्या चुकीपायी किती घाबरलेल्या कुत्र्यांना उद्दाम समजून मार बसला असेल!

खुद्द कानांनाही इतिहास आहे. लांडग्याचे कान उभे. मग इतक्या कुत्र्यांचे लोंबते कसे? पाळीव जनावरांचे कान लोंबते होतात, हे डार्विननं १८५९ मध्येच नोंदवलं होतं. बरोबर शंभर वर्षांनी, १९५९ मध्ये, सोव्हिएत शास्त्रज्ञ दिमित्री बेल्यायेव यांनी सैबेरियात प्रयोग सुरू केला. ल्युडमिला ट्रुट यांनी तो पुढं कित्येक दशकं चालवला. माणसाला कमी बुजणारे कोल्हे तेवढे निवडून त्यांचीच पैदास करायची. काही पिढ्यांत काही पिल्लांचे कान पडलेले दिसू लागले, शेपट्या वळल्या, अंगावर पांढरे पट्टे आले. हे कोल्हे मूळ कॅनडातल्या पैदास केंद्रांतून आलेले असल्यानं गोष्ट वाटते तितकी सरळ नाही, असा आक्षेप २०१९ मध्ये घेतला गेला. तरी स्वभाव आणि शरीर यांचं काही नातं असावं, हा विचार त्या प्रयोगानं रुजवला.

आणि जिथं निसर्गानं कान पाडले, तिथं माणसानं ते कापून उभे केले. डोबरमनसारख्या जातींच्या पिल्लांचे कान कापून, बांधून टोकदार करायचे, म्हणजे कुत्रा रुबाबदार दिसतो. युरोपीय परिषदेच्या १९८७ च्या करारानं निव्वळ दिसण्यासाठी होणारी ही कापाकापी नाकारली. वेदनेचा मुद्दा तर आहेच. पण ज्याचे कान कायमचे रोखलेले दिसतात, त्याचं मन समोरच्या कुत्र्याला आणि माणसाला नीट वाचता येत नाही.

हे सगळं आज सांगायचं कारण साधं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार रेबीजनं जगात दरवर्षी सुमारे ५९ हजार माणसं मरतात. बहुतेकांना तो कुत्र्याकडून होतो, आणि दगावणाऱ्यांत मुलं फार असतात. भटक्या कुत्र्यांचं काय करावं, यावर २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांवरून देशभर वाद झाला. तो वाद न्यायालयं आणि पालिका सोडवतील तेव्हा सोडवतील. तोवर आपली मुलं त्याच गल्लीतून शाळेत जाणार आहेत. लहान मुलं दात विचकणाऱ्या कुत्र्याला हसणारा समजतात, हे अभ्यासांतून दिसून आलं आहे.

म्हणून मुलांना पाढ्यांबरोबर हेही शिकवावं. आपल्या गावठी कुत्र्याचे कान बहुधा उभे असतात, वाचायला सोपे. कान किंचित मागे, अंग सैल, सगळं ढुंगण हलवणारी शेपटी, तर तो खुशीत आहे. कान पुढे रोखलेले, अंग ताठ, नजर स्थिर, तर जागच्या जागी थांबा, पळू नका, डोळ्याला डोळा भिडवू नका. कान डोक्याला चिकटलेले, शेपटी पायात, तर तो घाबरला आहे. त्याला कोपऱ्यात गाठू नका, घाबरलेलाच आधी चावतो. लोंबत्या कानाचा असेल तर कानाचं मूळ बघा. खाणाऱ्या आणि पिल्लांजवळच्या कुत्र्याला हात लावू नका. शेपटी हलते म्हणजे दोस्तीच, असं समजू नका. आणि चावलाच, तर जखम साबण-पाण्यानं पंधरा मिनिटं धुऊन लगेच दवाखाना गाठा, हळद-चुना नको.

कोलकात्याच्या आयसर संस्थेतल्या संशोधकांनी २०२० मध्ये रस्त्यावरच्या कुत्र्यांपुढे एक साधी परीक्षा ठेवली. अनोळखी माणसानं दोन भांड्यांपैकी एकाकडे बोट दाखवायचं. जी कुत्री जवळ आली, त्यांतली सुमारे ८० टक्के बोट दाखवलेल्या भांड्याकडेच गेली. त्यांना कोणी शिकवलेलं नव्हतं. आपला हात ती वाचतात. त्यांचे कान वाचायला आपणही शिकायला हरकत नाही.