एग्मोंड आन झे

नेदर्लंड्समधील उत्तर हॉलंड प्रांतातले उत्तर समुद्राकाठचे छोटे गाव. आल्कमार शहराच्या पश्चिमेस सुमारे १० किमी. २००१ पासून बेर्खन नगरपालिकेत समाविष्ट. वाळूच्या टेकड्यांमागे, आतल्या बाजूस एग्मोंड नावाचीच आणखी दोन गावे आहेत. त्यांपैकी एग्मोंड आन डेन हूफ येथे एग्मोंड सरदारांच्या गढीचे अवशेष आहेत. या घराण्यातील लामोरालचा १५६८ मध्ये ब्रुसेल्सला शिरच्छेद झाला. जर्मन नाटककार ग्योटेचे एक नाटक त्याच्यावरच.

किनाऱ्यावरच्या या गावाला बंदर मात्र कधीच लाभले नाही. सपाट बुडाच्या होड्या थेट पुळणीवर लावाव्या लागत, त्यामुळे त्यांचा आकार आणि कोळ्यांची मिळकत दोन्ही बेताचीच राहिली. समुद्र जमीनही खात गेला. १७४१ मध्ये गावचे चर्च पाण्यात कोसळले. पुढे दक्षिणेला ईमाउडनचे बंदर झाले आणि मासेमारी तिकडे सरकली. आज गाव पर्यटकांवर जगते. किनारा टिकावा म्हणून समुद्रतळाची वाळू उपसून वेळोवेळी इथे टाकतात.

गावाची खूण म्हणजे १८३४ चे दीपगृह. ते यान फान स्पेक या नौदल अधिकाऱ्याचे स्मारक आहे. बेल्जियम नेदर्लंड्सपासून फुटत असताना, १८३१ मध्ये अँटवर्पला बेल्जियन लोकांच्या हाती पडण्याऐवजी त्याने दारूगोळा पेटवून स्वतःसकट आपली गनबोट उडवली. जहाजे वाचवणाऱ्या दिव्याला जहाज उडवणाऱ्याचे नाव, हा विरोधाभास गावकऱ्यांना खटकत नसावा.

मुलाबाळांसह एक दिवस काढायला हे गाव मोठ्या गजबजलेल्या किनाऱ्यांपेक्षा सोयीचे. ओहोटीला वाळूचा दांडा उघडा पडतो आणि त्याच्या आत गुडघाभर पाण्याची डबकी उरतात. उन्हाने ते पाणी समुद्राहून उबदार होते. फावडे घेऊन बांध घालणारी पोरे तिथून हलत नाहीत. धोकाही या दांड्यांशीच आहे: दोन दांड्यांमधल्या फटीतून पाणी जोराने समुद्राकडे ओढ घेते आणि चांगल्या पोहणाऱ्यालाही आत नेते. म्हणून जीवरक्षकांच्या लाल-पिवळ्या निशाणांमध्येच पोहावे. वारा जुलैतही बोचतो. जाकीट बरोबर असावे. खायला टपरीवरचे किबेलिंग, म्हणजे पिठात घोळवून तळलेले माशाचे तुकडे. ते मुलांना चालते. कांदा घातलेला कच्चा हेरिंग मासा बहुधा मोठ्यांच्याच वाट्याला येतो.

गावामागच्या वाळूच्या टेकड्यांचा प्रदेश संरक्षित असून तिथले पाणी पिण्यासाठी वापरतात. आत फिरायला तिकीट लागते. हवा स्वच्छ असेल तर क्षितिजावर ३६ पवनचक्क्या दिसतात. देशातला हा पहिला मोठा सागरी पवनऊर्जा प्रकल्प. जानेवारीत इथे अर्धमॅरेथॉन होते आणि तिचा बराचसा मार्ग पुळणीवरूनच जातो. गावात रेल्वे नाही. ॲमस्टरडॅमहून आल्कमारपर्यंत गाडीने व पुढे बसने यावे लागते.