यादवांची पद्मटंका

परभणी परिसरावर तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांची सत्ता होती. जिंतूर तालुक्यातील चारठाण्याची जुनी मंदिरे अनेकांनी पाहिलेली असतात. यादवांचे सोन्याचे नाणे मात्र फार थोड्यांच्या पाहण्यात येते. 'पद्मटंका' या नावाने ते ओळखले जाते.

वजन सुमारे पावणेचार ग्रॅम. सोन्याच्या चकतीवर एकेक ठसा स्वतंत्रपणे ठेवून हातोड्याने ठोकला जाई. मधोमध आठ पाकळ्यांचे कमळ, सभोवती 'श्री', शंख आणि राजाचे नाव. घावांमुळे चकती वाटीसारखी खोलगट होई. मागील बाजू कोरी राही. स्कॉटलंडचा राजा तिसरा जेम्स याने पंधराव्या शतकात काढलेले 'युनिकॉर्न' हे सुवर्णनाणेही हातोड्याचेच. पण ते दोन ठशांमध्ये धरून ठोकले जात असल्याने दोन्ही बाजूंस चित्रे उमटत. पद्मटंकेतील ठशांची जागा नाण्यागणिक सरकते, त्यामुळे हुबेहूब सारखी दोन नाणी मिळणे कठीण. अभ्यासकांना तिचे आकर्षण वाटते ते यामुळेच.

सिंघण, कृष्ण, महादेव, रामचंद्र अशी नावे या नाण्यांवर आढळतात. त्यांवर सनावळी नसल्याने काळ ठरविण्यास नावाचाच आधार असतो. नाणे सोनाराच्या मुशीत गेले, की तो आधारही जातो. जमिनीत सापडलेले दहा रुपयांहून अधिक किमतीचे गुप्तधन जिल्हाधिकाऱ्यांना कळविणे १८७८ च्या कायद्याने बंधनकारक केले आहे.